भिंतीवरचा लोणा

आमच्या घरामागे टेकडीची माती अडवणारी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत होती, तिच्या पायथ्याशी आमच्या मुलींचा झोपाळा. पावसाळा सरला आणि तिच्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुटला. मी तो खराट्याने झाडायचे. चार दिवसांत पुन्हा यायचा, वीतभर वर सरकून. शेवटी माझ्या नवऱ्याने वैतागून सगळ्या भिंतीला चुना मारला. पांढऱ्यावर पांढरं दिसेनासं झालं. आतलं झिरपणं कुठेतरी वर दिसतंच. आपण ते झाकतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो.

शेजारी बांधकामावर असलेले म्हातारे गवंडी प्यायला पाणी मागायला आले. त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ताई, भिंतीमागे पाणी तुंबलंय. पोरींना इथं खेळू देऊ नका."

मी त्याच दुपारी मागच्या दाराला कुलूप लावलं. मुली रडल्या, नवरा हसला.

नवव्या दिवशी, लख्ख उन्हात, भिंत आडवी झाली. मुलींचा झोपाळा ठोकळ्यांखाली गेला.

नवरा झोपाळ्यावरचे ठोकळे बाजूला करू लागला. "दिसत तर काहीच नव्हतं गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.