दोनदा झालेली बिदाई

मागच्या महिन्यात सिहोऱ्याजवळच्या एका गावात लग्नाची ऑर्डर होती. तिथे माझ्या हातून असा घोळ झाला की दुसऱ्या कुणी केला असता, तर मी त्याला वर्षभर चिडवलं असतं...

माझा मोहाडीला छोटासा स्टुडिओ आहे. नऊ वर्षं झाली लग्नाचे फोटो काढतेय. तरी मांडवात शिरले की कुणीतरी अजूनही विचारतंच, "फोटोवाला कुठं आहे?" मी गळ्यातला कॅमेरा दाखवते आणि कामाला लागते.

लग्नाच्या सकाळी नवरी, वैशाली, मला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. "ताई, माझे बाबा घरी मस्त हासतेत. पण कोणी मोबाइल समोर धरला का तोंड मिटून घेतेत. मले त्यांचा हासता एक फोटो सासरी न्यायचा आहे. एकबी नाही माझ्याजवळ."

तिचे बाबा, मी त्यांना काका म्हणते, गावच्या तलावात मासेमारी करतात. काही वर्षांपूर्वी डोंग्याचं, म्हणजे छोट्या होडीचं, टोक तोंडावर आदळून समोरचे दोन दात गेले. तेव्हापासून फोटो म्हटलं की ओठ घट्ट!

मी म्हटलं, एवढंच ना? काढून देते. आत्मविश्वास माझ्या अंगात जरा जास्तच आहे, हे घरचे सांगतातच...

मग दिवसभर मी काकांच्या मागे. आचाऱ्याशी बोलताना हसले की मी क्लिक करायची, तोवर तोंड बंद. व्याह्यांना भेटताना हसले, तेव्हा तोंडावर हात. लांबून झूम करून पाहिलं, खांबाआडून पाहिलं. आयुष्यभर मासे पकडलेला माणूस माझ्या काही हाती लागेना.

आणि या नादात कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड किती भरलं, ते मी बघितलंच नाही.

दुपार कलली. गाडी सजून दारात उभी. वैशाली बाबांच्या गळ्यात पडली, बायकांनी रडायला सुरुवात केली, मी कॅमेरा डोळ्याला लावला... आणि स्क्रीनवर 'कार्ड फुल'.

दुसरं कार्ड बॅगेत होतं आणि बॅग घरात पलंगाखाली. धावत जाऊन, कार्ड बदलून परत येते तर काय! वैशाली गाडीत बसलेली, बायका नाक पुसतायत, बिदाई संपलेली. या लग्नात व्हिडिओवालाही नव्हता. म्हणजे बिदाईचा एकही फोटो कुणाकडेच नव्हता.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. काकांची बहीण, म्हणजे वैशालीची आत्या, सगळं लग्न तिच्याच हुकमावर चाललं होतं... तिच्यासमोर जाऊन मी खरं सांगून टाकलं. आता माझी चांगलीच खरडपट्टी निघणार, याची तयारीही ठेवली.

आत्याबाई पदर खोचून गाडीकडे निघाल्या. "मंग त्यात काय झालं? उतरवा पोरीले खाली. आमी परत रडतो!"

ड्रायव्हरने गाडी बंद केली. आत्याबाईंनी एकेकीला धरून आपापल्या जागी उभं केलं. काकांना मधोमध, वैशालीला त्यांच्या गळ्यात. मग मला विचारलं, "झाली का तयारी, मॅडम? करू सुरू?"

आणि त्यांनी जो सूर लावला! "अवं माझी माय वं..." अख्खी गल्ली परत गोळा झाली. मध्येच थांबून एक डोळा उघडून त्या मला म्हणतात, "पदर बराबर दिसते ना? नाई तं पहिल्यापासून घेतो."

आधी वैशालीला हसू फुटलं. आणि मग काका... पोरीच्या खांद्याला धरून, मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून हसले. मघाचं डोळ्यांतलं पाणी अजून गालावर होतं. एक हात सवयीने तोंडाकडे निघाला होता, पण तो वैशालीच्या हातात होता.

मी आठ फ्रेम घेतल्या. आठही शार्प आल्या!

स्टुडिओत आल्यावर मात्र वेगळाच पेच पडला. फोटोतले ते दोन दात भरायला दोन मिनिटं लागतात. भरूनही पाहिले... तर काका एखाद्या टूथपेस्टच्या जाहिरातीतले वाटायला लागले. काढून टाकले दात.

पण ज्या गोष्टीची माणसाला इतकी वर्षं लाज वाटली, तीच मोठी करून सासरच्या भिंतीवर लावायची? दोन दिवस ठरेना. शेवटी आहे तशीच प्रिंट काढली आणि मनात म्हटलं, शिव्या पडल्या तर खाऊ.

आठवड्याने काका एसटीने अल्बम न्यायला आले. तो फोटो मी हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. माझा जीव टांगणीला.

"दात नाई लावून देले?"

"नाही काका... हवे असतील तर आत्ता लावून देते."

"राहू दे बाई," ते म्हणाले. "नाई तं पोरगी म्हणन, हा कोणाचा बाप आहे?"

आणि हसले. माझ्यासमोर, तोंडावर हात न ठेवता. मग फोटो रुमालात गुंडाळून थेट लाखांदूरच्या गाडीत बसले, पोरीला द्यायला.

फोटो इथे टाकत नाहीये, तो वैशालीचा आहे. पण तो मी काढलाय, आणि मला त्याचा जाम अभिमान आहे, हे सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. आत्याबाई, तुम्ही ओरडला असतात तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं... तुम्ही ओरडायच्या ऐवजी माझ्यासाठी परत रडायला उभ्या राहिलात. लय उपकार झाले तुमचे.