वाकळांच्या खोलीतलं अंतराळयान

आमच्या अण्णाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. आमचे वडील आप्पा गेल्यावर घर या थोरल्या भावाच्या एकट्याच्या अंगावर पडलेलं, त्यामुळं त्याला अडवायची हिंमत आईलाही होत नसे. खडेबाजारात त्याचं व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तिथं कुणीतरी परदेशातनं आणलेल्या एका जुन्या कार्टून मालिकेच्या टेपा त्याच्या हाती लागल्या. एकूण तेरा भाग. एक अंतराळयान, त्यात कप्तान, एक तरुण मुलगी आणि सगळ्यांना हुकूम सोडणारं एक यंत्र. रंग उडालेले, आवाज घोगरा, भाषा कुठली ती देवाला ठाऊक.

"ह्ये आपण मराठीत नवं करायचं," अण्णा म्हणाला. "गणपतीत गावोगाव दाखवायचं. लई चालतंय बघ."

आपण म्हणजे मी. बारावी झाली होती, कोल्हापूरला डी.एड.साठी अर्ज टाकला होता, आणि यादी लागेपर्यंत मी घरी बसून होते. घरी बसलेली मुलगी म्हणजे रिकामी, हा हिशेब आमच्या सगळ्या अनगोळात चालायचा.

आधी टेपा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून नव्या टेपेवर उतरवल्या. मग मी नुसती चित्रं बघून कथा जुळवली. कप्तान का चिडला, मुलगी का पळाली, सगळं माझ्या मनानं. संवादही मीच लिहिले, आणि एवढं मात्र कबूल करते की त्यात मला मजा आली. खरा तुरुंग पुढं, आवाज भरताना, सुरू झाला.

बाहेरचा आवाज टेपेत येऊ नये म्हणून अण्णानं मागच्या खोलीच्या चारी भिंतींना घरातल्या सगळ्या वाकळा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, खिळ्यांनी ठोकल्या. खिडकीवर गादी. पंखा बंद, कारण त्याची कुरकुर टेपेत यायची. दाराला आई बाहेरनं कडी घालायची. त्याचंही कारण होतं. एकदा ऐन लढाईत शेजारची काकू दार ढकलून आत आली आणि "विरजण हाय काय गं?" म्हणाली. तो सगळा भाग पुन्हा करावा लागला.

चुकलं की भाग पुन्हा पहिल्यापासून. मधनं जोडलं तर खर्र वाजतं, आणि अण्णाला ते खपायचं नाही. तो कप्तान आणि सगळे दुष्ट. मी मुलगी आणि यंत्र. घाम डोळ्यांत उतरायचा. जुन्या कापडाचा कोंदट वास नाकात बसायचा. मला तिथं जीव गुदमरल्यासारखं व्हायचं आणि अण्णाचा संताप संताप यायचा. पण हुंदका टेपेत गेला असता तर पुन्हा पहिल्यापासून! म्हणून मी रडायचेही नाही.

मे अखेर तेरा भाग झाले. अनगोळात दाखवले, जवळच्या पिरनवाडीत दाखवले. लोक खूश. यंत्र बोलायला लागलं की तर हसून लोळायचे. कप्तान विचारायचा, "दार कधी उघडणार?" यंत्र थंडपणे म्हणायचं, "आगंगिल्ल. नाळे बर्री." होणार नाही, उद्या या. आमचं यंत्र कानडी बोलायचं. मी ते काही ठरवून केलं नव्हतं. आमचं गाव सीमेवरचं, कचेऱ्या सगळ्या कानडी; हुकूम सोडणारं, कारण न सांगणारं काहीही आम्ही जन्मापासून कानडीतच ऐकलेलं. लिहिताना हातातनं आपोआप तेच उतरलं. अण्णालाही त्यात काही खटकलं नाही.

जुलैत डी.एड.ची यादी लागली. माझं नाव होतं! पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णानंही पाठीवर थाप मारली आणि त्याच दिवशी टेपा घेऊन राधानगरीकडं गेला. तिकडचा एकजण गणपतीत पन्नासभर गावांत मालिका दाखवणार होता.

रविवारी परत आला तो पडलेला चेहरा घेऊनच.

"त्यास्नी यंत्राचं एक अक्षर कळंना," म्हणाला. "सगळी गोष्टच कळंना. त्यो म्हणतोय, पुढच्या रविवारपर्यंत समदं मराठीत आणा, न्हायतर ऱ्हाऊ दे."

"मग यंत्राचं तेवढं बदल."

"कसं बदलू? समद्यांचा आवाज एकाच पट्टीवर हाय. तेराच्या तेरा पुन्हा करायला पाहिजेत."

चूक माझी होती. तो ते बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

"शुक्रवारपर्यंत होतंय," तो म्हणाला. "मग जा की तू. मी अडिवतोय व्हय?"

पुन्हा वाकळा, पुन्हा कडी. दिवसाला दोन, कधी तीन भाग. पत्र्यावर पाऊस वाजला की थांबायचं आणि तसंच आत बसून राहायचं, दार उघडलं तर वेळ जातो म्हणून. मी तारखा मोजत होते. शुक्रवारी दुपारी बारा भाग झाले. तेरावा अर्ध्यावर आला आणि वीज गेली ती आलीच नाही.

अंधारात अण्णा म्हणाला, "उद्या सकाळी यवढा एक करूया. मग दुपारच्या गाडीनं जा."

"बाराच्या आत पोचायचंय, अण्णा."

"कॉलेजातल्या बाई सांभाळून घेतील गं. एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

मला तेव्हा लख्ख कळलं की उद्यानंतर परवा असणार, आणि मग पुढची मालिका. अण्णा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडले असते.

पहाटे आईनंच ट्रंक दाराशी आणून ठेवली. "जा तू. मी सांगतो त्येला," एवढंच म्हणाली. अण्णा वाकळांच्या खोलीतच झोपला होता, माईक उशाशी. मी दारात उभी राहिले. आमच्याकडं घरातनं निघताना, बाई असो की पुरुष, "येतो" म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. पण मी बोलले असते तर तो जागा झाला असता. मी तशीच निघाले.

कोल्हापुरात अकरा वाजता पोचले. जागा मिळाली.

गणपतीत वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, जवळच्या गावात मांडवात कार्टून आहे, चला. आमचंच होतं. बारा भाग माझा आवाज ऐकत मी गप्प बसले, कुणाला सांगितलं नाही. तेरावा लागला, निम्मा झाला, खर्र वाजलं, आणि एकदम ती मुलगी पुरुषाच्या आवाजात बोलायला लागली. अण्णानं गळा बारीक करून माझे सगळे संवाद म्हटले होते. मांडव हसून हसून आडवा झाला. मुली माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. मीही हसले, काय करणार.

शेवटी यान उतरतं आणि ती मुलगी शिडीवरनं खाली निघते. तिथं मी कुणालाच संवाद लिहिला नव्हता. चित्रात तिचं तोंडही हलत नाही. तरी तो बारीक केलेला आवाज आला, "येतो हं अण्णा. रागावू नको."

त्या यानात अण्णा नावाचं कुणीच नव्हतं.

मग कप्तान बोलला, त्याच्या रोजच्या, जड आवाजात. "जा बाई. पोचल्यावर चिठ्ठी टाक."

दोन महिने होत आले होते. मी चिठ्ठी टाकली नव्हती.