भिंतीला टेकलेलं कपाळ

देवावर रुसायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो. त्या उन्हाळ्यात माझ्यात तोही उरला नव्हता. यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि त्यांना उठवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं माझ्या एकटीवर आलं. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला देऊन टाकलं. घरी राहिली एक गाय, पवळी. यजमानांनी तिला कालवडीपासून वाढवलेली, म्हणून तिला विकायचं नाव मी काढत नव्हते. पण खरं सांगते, पहाटे गोठ्यात जाताना कधीकधी वाटायचं, हीसुद्धा एक जीवच, हिलाही माझ्याच हातचं हवं.

पूर्वी मी दर चतुर्थीला एसटीनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायची. ते सुटलं. आता देव म्हणजे घरामागचा मारुती. त्याच्या देवळाची मागची भिंत आणि आमच्या गोठ्याची भिंत एकच आहे. दिवसातून एकदा मी तिथं जाऊन उभी राहायची. यजमानांना बरं कर, असं मागणं केव्हाच सोडलं होतं, कारण तोंड दुखलं होतं मागून मागून. एवढंच म्हणायची, माझं तुला दिसतं का, ते एकदा कळू दे. मग पुढचं मी ओढीन.

हनुमान जयंतीला देवळात महाप्रसाद झाला. त्या वर्षी ऊन फार होतं, माणसं कमी जेवली आणि अन्न खूप उरलं. गंजभर भात, टोपलीभर पुऱ्या, परातभर बुंदी. प्रसाद उकिरड्यावर टाकायचा नाही, तो गायीच्या मुखी घालायचा, ही आमच्याकडची रीत. देवळाला सगळ्यात जवळची गाय माझीच, म्हणून सगळं माझ्या दारात आलं. मलाही ते बरंच वाटलं. सोयाबीनचं कुटार संपत आलं होतं, आणि दोन-चार दिवस चाऱ्यासाठी हिंडावं लागणार नव्हतं. मी तीन दिवस पवळीला घमेलं भरभरून तेच घातलं. तिनंही मिटक्या मारत खाल्लं. पुण्य आणि विसावा एकाच घमेल्यात मिळाला म्हणून मी खूश होते.

पाचव्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले तर पवळी देवळाच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी. हाक मारली, हलली नाही. तासाभरानं पाहिलं, तशीच. मधूनच मान वर करून आभाळाकडे बघायची आणि पुन्हा कपाळ भिंतीला लावायची. दात करकर वाजत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या सुमनबाई ताक न्यायला आल्या होत्या. त्या बघतच राहिल्या आणि चपला काढून हात जोडून उभ्या राहिल्या. "अवो बाई, भिंतीपलीकडे मूर्ती हाय. हे गाय मारुतीरायाले नमस्कार करून राह्यली. पाहा न, तोंडानं नाव घेते."

हे मी लिहिते आहे तेव्हा मला माझीच लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांत मी रडले नव्हते, तिथं शेणात बसून रडले. मला वाटलं, आलं उत्तर. त्याला माझं दिसतं.

दुपारपर्यंत गाव लोटलं. पवळीच्या कपाळाला शेंदूर लागला, शिंगांना फुलं आली. कुणी गुळाचा खडा, कुणी पुरणपोळी तिच्या तोंडाशी धरायचं. ती खात नव्हती, तर सुमनबाई म्हणाल्या, तिचा उपास असन. बायका माझ्याही पाया पडू लागल्या. मी नको नको म्हणायची आणि पाय मागे घ्यायची नाही. ओसरीतल्या खाटेवरून यजमान हे सगळं पाहत होते. मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि एकेक शब्द ढकलत म्हणाले, "पवळीले… दिसत नाही." त्यांचं बोलणं इतरांना कळत नसे, मला सगळं कळायचं. तेही कळलं. मी पदर सोडवून घेतला आणि म्हटलं, तुम्ही गुमान पडून राहा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आमच्या दारासमोर एक स्कूटर थांबली. तिशीच्या आतली एक मुलगी, खांद्याला मोठी पिशवी. चाक पंक्चर झालं होतं, पंक्चरवाला कुठं मिळेल आणि घोटभर पाणी मिळेल का, असं विचारत होती. ती ढोरांची डॉक्टर, मूळची पुसदकडची. पलीकडच्या गावात जनावरांना लस टोचायला निघाली होती. पाणी पिता पिता तिनं गोठ्यातली गर्दी पाहिली, आरतीचं ताट पाहिलं, आणि पेला तसाच खाली ठेवला.

तिनं आधी सगळ्यांना मागे सारलं आणि हातमोजे घातले. गायीला कुत्रं-बित्रं चावलं होतं का, कुणी तिच्या तोंडात हात घातला का, हे दोनदा विचारलं. यजमान खाटेवरून मानेनं नाही म्हणाले. पवळी महिनाभर दाव्यालाच होती. मग तिनं पवळीच्या डोळ्यासमोर हात नेला. पापणी लवली नाही. बुबुळाच्या अगदी जवळ बोट नेलं, तरी नाही. ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे नमस्कार नाही करून राह्यली. हिच्या मेंदूले सूज आली हाय. डोकं ठणकते म्हणून भिंतीत खुपसते. आंधळी झाली हे. हिनं खाल्लं काय, ते सांगा मले."

सुमनबाई पुढे आल्या. "डॉक्टरीणबाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या असान, पण देवाच्या कामात हात नका घालू. सुई टोचली अन् कोप झाला तं गावानं कायले भोगाव?" बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. गाय माझी होती, बोलायचं मला होतं.

तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. दोन वर्षांनी मला एक खूण मिळाली होती. लोक मला भाग्यवान म्हणत होते, आणि कालपासून पहिल्यांदा माझी कंबर दुखायची थांबली होती. ती खूण मला माझ्याच तोंडानं पुसायची होती. बोलले नाही तर पवळी जाईल, हे डॉक्टरच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोलले तर मी पुन्हा होते तिथंच. मी पवळीकडे पाहिलं. शेंदूर ओघळून तिच्या आंधळ्या डोळ्यात गेला होता आणि तो पुसायलाही मी गेले नव्हते. मला स्वतःची किळस आली. मी मनात म्हटलं, मारुतीराया, नको मला खूण. तुला माझं दिसत नसेल तर राहू दे, पण हिला दिसू दे. आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शिळा भात, पुऱ्या, बुंदी. तीन दिवस मीच चारलं. गाय बिमार हाय माही. तुम्ही आता घरी जा."

बायका गेल्या. सुमनबाईही चपला घालून गेल्या. असं कधीपासून आहे, हे डॉक्टरनं विचारलं तेव्हा यजमानांनी खाटेवरून तीन बोटं वर केली. तीन दिवसांपासून ती ठेचकाळत होती, हे त्यांना ठाऊक होतं. काम करता करता डॉक्टर आम्हा दोघांना समजावत होती. एवढा भात आणि गोड एकदम गेल्यावर गायीच्या पोटात आंबतं, आणि जे जीवनसत्त्व तिच्या पोटात आपोआप तयार होतं ते बंद पडतं. मेंदू त्याच्यावरच चालतो. तिनं त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन शिरेतून दिलं, सुजेचं वेगळं दिलं, खायचा सोडा पाण्यातून पाजला. लस टोचायच्या पिशवीत तिच्याकडे ते औषध होतं, हेही माझं नशीबच. "उशीर झाला हाय काकू," ती म्हणाली. "जमलं तं दोन-तीन दिवसात दिसन. नाही जमलं तं मले दोष देऊ नका."

तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ आली. पहिल्या दिवसानंतर आमचं गाव तिच्या रस्त्यात नव्हतंच, हे मला पंक्चरवाल्याकडून कळलं. मी गोठ्यातच बसून असायची, पवळीचं डोकं भिंतीवर आपटू नये म्हणून मध्ये पोती लावून. जप केला नाही, नवस बोलले नाही. थकव्यानं शब्दच सुचत नव्हते. पण इतका हलका थकवा मला आधी कधी आला नव्हता, कारण त्यात कुणाकडे काही मागायचं उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी कडब्याची एक पेंढी दारात आणून टाकली आणि निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी हातातला मूठभर कडबा पवळीपुढे डावीकडून उजवीकडे नेली. तिची मान मागोमाग फिरली.

मी धावत ओसरीत गेले आणि यजमानांचे पाय धरले. त्यांना सांगितलं, तुम्ही म्हटलं ते खरं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. दोन वर्षांत मी त्यांना हजार वेळा उठवलं-बसवलं होतं, पण त्यांचं ऐकलं किती वेळा, हे मला त्या दिवशी आठवेना.

त्या डॉक्टरचं चाक आमच्याच दारात का बसलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. रस्ता खराब आहे, चाकं बसतात. ती देव मानते की नाही, तेही मी विचारलं नाही. मी फक्त कृतज्ञ आहे. शरण जाणं म्हणजे काय, हे मी पोथ्यांमधून खूप वाचलं होतं. माझ्या वाट्याला ते एवढंच आलं, की जे हवंहवंसं वाटत होतं ते चारचौघांत खोटं म्हणून सांगायचं आणि पोतं घेऊन गायीशेजारी बसायचं.

कामं अजून तीच आहेत आणि कंबर पुन्हा दुखते. पवळीचा एक डोळा थोडा अधू राहिला. ती गोठ्यात शिरते, भिंतीपाशी जाते, हातभर अंतरावर थांबते आणि वळून गव्हाणीकडे येते. ती वळते, तेव्हा मी हात जोडते.