हिरवळीखालचं गाव

गेल्या उन्हाळ्यात मी एका इंग्रजी हवेलीचे पडदे करत होते. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रिंट मिलमध्ये मी संगणकावर डिझाइन काढते. साड्यांवरची फुलं-पानं हे रोजचं दळण. ही ऑर्डर वेगळी होती. विलायतेतली ती जुनी हवेली बघायला आता लोक जातात, आणि तिथल्या दुकानाला हवेलीच्या चित्राचं पडद्यांचं कापड हवं होतं. सोबत फोटो आणि इतिहासाची पुस्तिका आली होती. पुस्तिका मी उघडलीच नाही.

फोटोत तळ्यासमोरच्या हिरवळीवर पिवळट रेघा होत्या. आमच्या धंद्यात डाग दिसला की हात आपोआप चालतो. दोन दिवस खपून मी सगळ्या रेघा पुसल्या.

तिकडून विचारणा आली की रेघा कुठे गेल्या. मग पुस्तिका वाचणं आलं. हवेलीच्या पहिल्या मालकाला खिडकीतून नुसतं तळं आणि झाडं दिसायला हवी होती, म्हणून त्याने मधलं अख्खं गाव उठवलं होतं. अकरा घरं. पायाच्या दगडांवरचं गवत कडक उन्हात आधी वाळतं, आणि घरं रेघांनी वर येतात. ती माणसं कुठे गेली, यावर पुस्तिकेत एक ओळ नव्हती. गुलाबांवर मात्र चार पानं.

डिंडोलीला घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितलं. लूमच्या आवाजात त्यांचे कान गेले होते, ते ओठ वाचायचे. त्यांचंही गाव माझ्या जन्माआधी धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथले पाये उघडे पडतात. छातीचं दुखणं वाढल्यापासून त्यांनी ते बघायचं टुमणं लावलं होतं. मोबाइलवरचा त्या रेघांचा फोटो ते बराच वेळ बघत राहिले.

"पानी चढाना पहिले माले एकदाव लई जाय," ते म्हणाले.

ऑर्डर संपली की रविवारी जाऊ, असं मी त्यांना कळेल इतकं सावकाश म्हणाले. त्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पुसलेल्या रेघा मी परत काढायला बसले. पुस्तिकेत नकाशा होता, त्यावरून एकेक घर, त्याचं दार, त्याची चूल. गुरुवारी दुपारी नववं घर चाललं असताना आईचा फोन आला, की वडील गेले. फोन ठेवून मी आधी फाइल सेव्ह केली, मग उठले. रडू आलं नाही. दहा दिवस लोक येत-जात राहिले, मी चहा देत राहिले. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

अस्थी घेऊन धरणावर गेलो तोवर वरच्या पावसाने पाणी चढलं होतं. काकांनी बोट दाखवलं, मग तेच बोट जरा डावीकडे नेलं. गाव उठलं तेव्हा काका लहानच होते. नक्की जागा वडिलांनाच ठाऊक होती.

त्या इंग्रजी गावातल्या अकराही घरांची दारं कुठे होती, ते मी आजही न बघता काढून दाखवीन. वडिलांच्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.