आज्याची अंघोळ

उषाबाईंकडे डोंगर यायचा तो दुपारी यायचा. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या गल्लीतली जेवणं उरकलेली, पुरुषमाणसं कारखान्यात, नळ गेलेला, आणि उषाबाई धागे कापायला आलेल्या साड्यांच्या ढिगाला पाठ टेकून बसलेल्या. मशीनच्या भरतकामाने साडीच्या मागच्या अंगाला सोडलेले धागे कापायचे, एवढंच काम. त्यात डोळे शिणतात आणि कापता कापता मिटतातही. मिटले की ढीग वाढू लागे. हिरवीमागे पिवळी, पिवळीमागे मातकट, तिच्यामागे लांबवर निळसर, अशा रांगाच्या रांगा उभ्या राहत, आणि त्यांतून आजा उतरून दारात येई.

आजा म्हणजे त्यांच्या माहेरचा डोंगर. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. हा गावाच्या उशाशी बसलेला. नकाशात त्याला काय नाव आहे ते नकाशावाल्यांना ठाऊक, गाव त्याला आजाच म्हणतं. स्वप्नात तो दारात मावेल एवढाच व्हायचा. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगावर जागोजागी वाळलं गवत, टाचांना भेगा. उंबऱ्यावर बसायचा, आतल्या बाळाच्या झोळीकडे बघायचा, मग उषाबाईंकडे बघायचा. बोलायचा मात्र काही नाही.

"याद शे, बाबा, माले याद शे," उषाबाई झोपेतच म्हणायच्या. "चैत येऊ दे."

मग आतून लेक ओरडायची, "मम्मी, कोणाशी बोलतेस? ती कातर बाजूला ठेव आधी, डोळ्यात जाईल!"

याद कशाची, ते सांगून टाकलेलं बरं. हर्षदा ही उषाबाईंची एकुलती लेक. तिची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच संपली. तिसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उषाबाईंनी उगवतीकडे हात जोडले आणि बोलून गेल्या, "आज्या, एवढं लेकरू जगू दे, तुला अंघोळ घालीन." त्यांच्या गावात हा नवस जुना आहे आणि आज्याची अंघोळ पाण्याने होत नाही. चैत्रात गवत कडकडीत वाळलं की ज्याचा नवस फळला त्याने पायथ्याशी काडी लावायची. ज्वाळांची माळ वळणं घेत माथ्यापर्यंत जाते. खाली गाव हात जोडून उभं राहतं आणि म्हणतं, आजा न्हाला.

लेकरू जगलं. कागदावर त्याचं नाव काहीतरी सुरती फॅशनचं आहे, ते उषाबाईंच्या जिभेवर बसत नाही. त्या त्याला भटू म्हणतात. गेल्या चैत्रात भटू तान्हा, बाळंतिणीला टाकून जाता आलं नाही. नवस राहिला. आणि नवस राहिला की जावळ राहतं, कारण नवस फेडल्याशिवाय पहिल्या केसांना कातरी लावायची नाही, हाही त्याच गावचा रिवाज. वर्षाचं पोर, पण केस मानेखाली उतरलेले, घामाने चिकटलेले, घामोळ्यांनी मान लाल. शेजारची गुजराती बाई रोज विचारायची, "बेबी छे के बाबो?" हर्षदा दात खाऊन सांगायची, "बाबो छे, पण नवसाचा छे."

पौषात उषाबाईंचा धाकटा भाऊ निंबा तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आला. त्याच आज्यावर तो जंगलखात्याकडे रोजंदारीवर वणवा राखायला असतो. उन्हाळ्यात मचाणावर बसायचं, धूर दिसला की धावायचं. दारात उभा राहिला आणि उषाबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"निंबा, तुन्ही एक भिवई कोठे गई रे?"

"एका नवसानं खाल्ली, बाई. गेल्या चैतमा." खानदेशात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. चपला काढता काढता तो म्हणाला, "आता दुसरी तुन्हा नवस खाई."

हर्षदा फिसकन हसली. उषाबाई हसल्या नाहीत.

"नवस मी बोलेल शे. फेडाले तर लागी."

"फेड ना. तू काडी लाव, मी तुले धरसू, आन मंग माले घरी बसाडतीन. राखणदारानीच बहीण डोंगर पेटावस म्हनतीन."

"आपल्या मायने पेटवला तेव्हा कोणी घरी बसलं होतं?"

"तेव्हा डोंगरावर गुरं चरायची, बाई! गवत बोटभर. आग यायची ती गवताला भांग पाडल्यासारखी जायची, झाडाला कळायचंही नाही. तेंदूला वर नवी पालवी यायची. आता ती टणटणी, ते घाणेरीचं झुडूप, माजलीय माणसाएवढी. तिला लागली की शिडी लावल्यासारखी आग शेंड्याला जाते. सागाची रोपं जातात, तितराची अंडी जातात, माझी भिवई जाते. पूर्वी आजा न्हायचा. आता भाजतो."

उषाबाई शेंगा सोलत राहिल्या. निंबाने मग मूळ गोष्ट काढली. तो त्याचसाठी आला होता.

"माघात आम्ही जाळरेषा जाळतो. पायथ्याला रुंद पट्टा साफ करायचा आणि थंडीतच, दव असताना, माणसं उभी करून जाळून टाकायचा. पुढे उन्हाळ्यात आग आली की तिला तिथे खायला काही मिळत नाही. तू ये. पहिली काडी तुझी. आग ती आग."

"वा रे वा! सरकारी कामात माझा नवस उरकून टाकतो! उद्या म्हणशील, म्युनिसिपाल्टीच्या नळाखाली बसलं की गंगास्नान झालं." उषाबाईंनी सालांचं सूप आपटलं. "अंघोळ बोलले मी, निंबा. पाय धुवायचे नाही बोलले. जगला तो अख्खा जगला, अर्धा नाही."

झोळीतल्या भटूच्या केसांवरून निंबाने हात फिरवला आणि दुपारच्याच गाडीने गेला. गाडी उधन्याहून सुटली की उषाबाईंच्या घरामागूनच खानदेशाकडे जाते. दर वेळी तो खिडकीतून हात हलवायचा. त्या दिवशी हलवला की नाही, ते उषाबाईंनी पाहिलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

हर्षदाने मात्र स्पष्टच सांगितलं. "मम्मी, उन्हाळ्याच्या आत मी याला सलूनमध्ये नेणार. एसीवाल्या. मामाची रोजी घालवून तुला डोंगर न्हाऊ घालायचा असेल तर घाल, पण माझ्या पोराच्या नावावर घालू नकोस."

"त्याच्याच तर नावावर आहे."

"मग त्याला विचार!"

भटूने दोघींकडे पाहून टाळी वाजवली. त्याचं काय जातंय!

उत्तरायण आलं. गच्च्यांवर पतंगवाल्यांची गर्दी, आणि त्यांच्या वरून काहीतरी काळं, हलकं, गिरक्या घेत उतरत होतं. चलथाणकडच्या शेतांत उसाचं पाचट पेटवतात, त्याची जळकी पानं वाऱ्यावर डिंडोलीपर्यंत येतात. दर हिवाळ्यात येतात. पण त्या वर्षी उषाबाईंना वाटलं, ही आज्याची आहेत. एक पान मोतिया रंगाच्या साडीवर बसलं. उचलायला गेल्या तर बोटाखाली भुकटी झाली. लहानपणी चैत्रात त्यांच्या अंगणात अशीच पानं पडायची, आणि पोरं ती पकडायला धावायची, हातात आली की विरायची. विरली की आई म्हणायची, ओरडू नका, आजा केस विंचरतोय. उषाबाई त्या साडीवरचा काळा डाग बघत तशाच बसल्या. खाली गल्ली होती, वर पतंग होते, आणि मधल्या सगळ्या हवेत तो डोंगर कणाकणाने उतरत होता.

त्याच आठवड्यात भटूला ताप भरला. डॉक्टरने औषध दिलं, घाबरायचं नाही म्हणाला. हर्षदा रात्रभर जागून दुपारी आडवी झाली, आणि उषाबाईंनी पोराला मांडीवर घेतलं. कोमट पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, आधी तोंड पुसलं, मग तळहात, मग पाऊल, मग दुसरं पाऊल. केस वर उचलून मान हलकेच टिपली. भटूने डोळे मिटले.

हर्षदा झोपेतच पुटपुटली, "आज अंघोळ राहिली त्याची."

"राहिली कशी? ही काय घातली," उषाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तापल्या लेकराची अंघोळ एवढीच असते. हात-पाय-तोंड. डोक्यावरून ओतलं तर..."

फडकं हातातच राहिलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

दारात आजा बसला होता. त्या दिवशी तो झोळीकडे बघत नव्हता. पाय पुढे पसरून बसला होता, भेगाळलेले, आणि भटूच्या पावलांकडे बघत होता. त्याच्या अंगालाही कढत वाफ येत होती. उषाबाईंना ती गालावर लागली.

भटूला झोळीत घालून त्यांनी फोन लावला. "निंबा, माघमा कधी शे ते?"

पलीकडे तो काहीतरी खात होता, ते घशातच अडकलं असावं.

"अन ऐक. मी मानलेलं नाही अजून. बघायला येतेय."

भटूचा ताप उतरला आणि माघात तिघं गेली. अमळनेरला उतरून बस, बसमधून उतरून रिक्षा. आजा खरा समोर आला तेव्हा स्वप्नातल्यापेक्षा म्हातारा दिसला. एका अंगाला गेल्या वर्षीचे जळके सांगाडे उभे होते, आणि त्यांच्या बुडाशी टणटणी मजेत फुललेली. हर्षदा भटूला घेऊन मागे आंब्याखाली बसली.

पट्टा तयार होता, गवत कापून ओढलेलं. डोंगराच्या कडेने माणसं ओल्या फांद्या घेऊन ओळीने उभी. वनरक्षक होती नूतन नावाची पोरसवदा मुलगी, खाकी कपडे, गळ्यात शिट्टी.

"आजी, वारा पडू द्या. मी शिट्टी वाजवली की काडी लावा."

"नवसाला शिट्टी? अगं, देव आहे तो, रेफ्री आहेस का तू?"

"देवाला वाऱ्याचं कळतं, आजी. काडीला नाही कळत," नूतन म्हणाली. निंबा दुसरीकडे तोंड करून खोकला.

शिट्टी वाजली. उषाबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, काडी ओढली, गवताला लावली.

आग उठली ती गुडघ्याएवढीच. रागावलेली नव्हती. दवामुळे जड झालेली, गाभण गाईसारखी ती पट्ट्यावरून पुढे चालली, खात, थांबत, पुन्हा खात. धूर पांढरा आणि गोड वासाचा. कुठून कुठून कोतवाल पक्षी आले आणि ज्वाळांच्या पुढून उडणारे किडे हवेतल्या हवेत टिपू लागले. आगीच्या वरची हवा थरथरत होती आणि तिच्यातून आजा पाण्यातून दिसावा तसा हलताना दिसत होता. उषाबाई आगीच्या बरोबरीने चालत गेल्या. कोणी अडवलं नाही. माणसं पुढे सरकली, त्या मागे राहिल्या.

आणि तिथे, त्यांच्या पायांपासून हातभर, एक जीभ पट्ट्याबाहेर सरकली.

कोणी पाहिलं नव्हतं. वाळलेल्या कुसळाच्या एका झुबक्याला धरून ती डोंगराच्या बाजूला गेली, मागे वळली, पुन्हा पुढे. वर नुसतं गवत होतं, माथ्यापर्यंत. उषाबाईंना काही करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. नवस पुरा झाला असता, पायापासून डोक्यापर्यंत, आणि काडी तर नियमाने शिट्टीवरच लावलेली. आई अशीच उभी राहिली असती. जिभेने दुसरा झुबका चाटला. वर कुठेतरी तितर ओरडला. पुढे निंबा पाठमोरा फांदी आपटत होता, एका भिवईचा.

उषाबाईंनी कोणाची तरी पडलेली ओली फांदी उचलली आणि हाणली. पुन्हा हाणली. ठिणग्या लुगड्यावर आल्या, त्या झटकल्या, पुन्हा हाणली.

"पुरे," त्या आज्याला म्हणत होत्या, पाण्यात खेळत बसलेल्या पोराला दटावावं तसं. "पुरे झालं! आज एवढीच. अंगात ताप आहे ना? मग? हट्ट नाही करायचा."

निंबा धावत आला तोवर तिथे काळा ओला डाग आणि धाप लागलेली बहीण उरली होती. त्याने डागाकडे पाहिलं, वरच्या गवताकडे पाहिलं.

"काय बघतोस?" उषाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी ती टणटणी उपटा आधी. त्याच्याशिवाय तो बरा व्हायचा नाही. आणि न्हावी बोलाव."

भटूचं जावळ आंब्याखाली निघालं. तो असा रडला की कोतवाल उडाले. ते केस आज्याच्या पायथ्याशी, गरम राखेत पुरले. गोटा झालेल्या डोक्यावर उषाबाईंनी राखेचं बोट टेकवलं. हर्षदाने पुसलं नाही.

सुरतेला परत आल्यावर पुन्हा तेच, दुपार, साड्या, कातरी. लुगड्याचा धुराचा वास दोन धुण्यांत गेला नव्हता. उषाबाई वाट बघत नव्हत्या असं नाही. हिरवीमागे पिवळी, पिवळीमागे मातकट उभी राहिली आणि आजा आला. पाय काळे, अजून ओलसर. तो उंबऱ्यावर बसला नाही. आत आला, निळ्या साड्यांच्या गठ्ठ्याला टेकला, हनुवटी छातीवर टाकली आणि घोरायला लागला.

उषाबाईंनी कातरीचा आवाज होऊ नये म्हणून ती पदराखाली धरली आणि पुटपुटल्या, "नीज, बाबा."

"मम्मी, आता कोणाशी बोलतेस?" हर्षदाने आतून विचारलं.

"हळू," उषाबाई म्हणाल्या. "निजलाय."

हर्षदाने वाकून पाहिलं. भटू तर झोळीत उठून बसला होता, टकलावरून हात फिरवत, आणि साड्यांच्या ढिगाकडे बघून हसत होता.