रिकाम्या जाळ्यावर सही

आर्किटेक्चर मी तिसऱ्या वर्षात सोडलं, पण कॉलेजची टीम सोडली नाही. त्यामुळे पदरात डिग्री नाही, किस्से मात्र ढीगभर. मोठ्या माणसांना शिकवायला उभं करायचं आणि आपण गप्प बसायचं, किस्सा आपोआप तयार होतो.

स्पर्धा होती नेट झिरो घराची. घर वर्षभरात जेवढी वीज खाईल, तेवढी त्याने छपरावरच तयार करायची. पहिलं येणारं घर खरंच बांधून मिळणार होतं. आमचं घर रेवसजवळच्या मथुरामावशीसाठी; ती मासळी सुकवून विकते. अट एकच: शुक्रवारी पाचच्या आत फॉर्मवर मावशीची सही.

*

आमचे गाइड सर पहिल्यांदा आले ते अलिबागहून, एसी गाडीत. मावशीच्या ओट्यावर उभं राहून ऊर्जाबचतीवर पाऊण तास बोलले. जाताना गाडी गार असावी म्हणून इंजिन चालूच! मावशी मला म्हणाली, "पयली ती गाडी बंद कर रं, मना काय बी आयकू येत नाय."

*

प्राजक्ता आमची लीडर. तिच्या सॉफ्टवेअरचं म्हणणं, दुपारी घरात कुणी नसतं, पंखा बंद. मावशी पहाटे जेट्टीवर जाते आणि दुपारी झोपते. प्राजक्ता लॅपटॉपवर ते रिकामं घर दाखवत होती, तेव्हा मावशी तिच्यापासून दोन हात अंतरावर पंख्याखाली घोरत होती.

सर म्हणाले, "डेटा इज डेटा."

*

मग सरांनी डिझाइनमध्ये एसी टाकला, गीझर टाकला. तेवढी वीज हवी म्हणून अख्खं छप्पर सोलर पॅनेलने भरलं. मावशी पॅनेलना आरसे म्हणते. तिने विचारलं, "न् माजी सुकट कुठं वालवू?"

छपरावर मासळी वाळवणं अनहायजिनिक असतं, असं सरांनी सांगितलं. निघताना अर्धा किलो सुकट मागून घेतली. डबल पिशवीत. डिकीत.

*

मी एसी आणि गीझर काढून हिशेब पुन्हा केला. मावशीचे दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, फ्रिज. छपराचा चतकोर पुरला, बाकीचं सुकटीला मोकळं. सर म्हणाले, "तू ड्रॉपआउट. टीममध्ये तरी आहेस का?"

म्हटलं, "सर, बेरजेला डिग्री लागत नाही."

प्राजक्ताने तीनदा तपासलं आणि शीट बदलली. सर आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. काम भराभर झालं.

*

शुक्रवार, चार वाजलेले. मावशीने पेन हातात घेतलं. तिची नात इंग्लिश मीडियममध्ये तिसरीत. तिने फॉर्मवरचं नाव मोठ्याने वाचलं, "नेट झिरो." मग आजीसाठी मराठी केलं, "नेट म्हंजे जालं. झिरो म्हंजे काय नाय."

मावशीने पेन खाली ठेवलं. तिचा मुलगा मासेमारीला बोट घेऊन गेला त्याला तीन दिवस झालेले. "पोर दर्यात हाय माजा, न् जालं रिकामं लिवलंय त्यावर सही करू?"

सर पुढे सरसावले. कागदावर बाण काढले, वीज इकडून आली, तिकडे गेली. मावशीने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे वरीसभर येवडा खटाटोप करून शेवटी हातात काय?"

"झिरो!" सर अभिमानाने म्हणाले.

चार चाळीस. मी फॉर्म ओढला, झिरो खोडलं, प्लस लिहिलं. नेट प्लस. स्पर्धेत तेही चालत होतं. मावशीला सांगितलं, याचा अर्थ जाळं भरून वर उरलं. प्राजक्ताने डोकं धरलं. प्लस लिहिलं तर वापरापेक्षा जास्त वीज दाखवायला हवी, म्हणजे पॅनेल वाढणार, आणि ती जाणार सुकटीच्या जागेत.

मावशीने छपराच्या नकाशाकडे बघितलं. मग ओट्यासमोरच्या सरांच्या गाडीकडे. इंजिन चालूच होतं.

"लावा आनखी दोन आरसे," ती म्हणाली आणि पेन उचललं. "तेवडी सुकट मी सरांच्या गाडीवर वालवीन. बोनेट गरमच आसतंय."