आईच्या नाकात नथ नाही

"तो कप राहू दे तुझ्याकडेच," बाई म्हणाल्या. बाकी सगळ्यांचे कप त्यांनी गोळा करून पिशवीत भरले. फेमकेचासुद्धा. माझा एकटीचा राहिला. नुकतंच त्यांनी माझं माहेरचं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं.

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातली चार मजली भिंत. खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ती आम्हा दोघींना मिळून रंगवायला दिलेली. फेमके इथलीच, डच. विषय ठरला: आपापली आई. डावीकडे तिची, सायकलवर. उजवीकडे माझी. आई पुण्यात रस्त्याच्या कामावर होती. खोचलेलं लुगडं, हातात डांबराची बादली, नजर समोर.

बाई इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे बॉस. चार बायकांना घेऊन, चहा घेऊन भिंत बघायला आल्या होत्या.

वर बघून म्हणाल्या, "आपली बाई अशी दाखवायची? जरीची नऊवारी नेसव, नथ घाल. लोक काय समजतील आपल्याला?" मग फेमकेकडे वळून, नथ म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून, "धिस इज नॉट अवर कल्चर."

फेमके मला हळूच म्हणाली, "एक नथ रंगवली तर काय बिघडतं? छानच दिसेल."

ते जास्त लागलं.

नवऱ्याला फोन केला. "घाल ना नथ. इथे येऊन उगाच कशाला..." पुढचं त्याने गिळलं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी हेच गिळलेलं. कुणी विचारलं की "आम्ही पुण्याचे". बस्स.

फोन ठेवला. तरी बोलले. डचमध्ये, फेमकेला कळावं म्हणून.

"प्रश्न नथीचा नाही. यांना माझी आई नको आहे. आम्ही महार. माझा उष्टा कप या घरी नेत नाहीत."

एकीने मोबाईलमध्ये मान घातली. बाई लाल झाल्या. मराठीत म्हणाल्या, "इथे येऊनसुद्धा तुम्ही लोक जात सोडत नाही."

"आडनाव मी नाही विचारलं."

त्या गेल्या. फेमके म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"आता झालं माहीत. तुझी अर्धी भिंत तू रंगव. माझ्या अर्ध्या भिंतीला हात लावू नकोस."

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपमधून आम्हाला काढलं. नवरा अजून धड बोलत नाही. लेकीने इंग्रजीत विचारलं, महार म्हणजे काय? मी तिला सगळं सांगितलं. मराठीत. ती रडली. मी थांबले नाही.

यापुढे कुणी विचारायची वाट बघणार नाही. मीच आधी सांगणार. नवऱ्याची नोकरी गेली तरी सांगणार.